प्रदर्शनातून घेतलेली नाणी घरी आल्यावर वेगळीच निघाली: तपासायची कशी, परत करायची कशी?

कसबेकर_ना

मंडळी, पुण्यातल्या नाणी-नोटांच्या प्रदर्शनात बाहेरगावच्या एका डीलरच्या टेबलावरून चार गोष्टी घेतल्या. घरी नीट बघितल्यावर एकही सांगितल्याप्रमाणे वाटत नाही. दोन प्रश्न आहेत. घरच्या घरी तपासणी कुठवर करता येते? आणि पैसे परत मागायचे तर कोणत्या क्रमाने?

पहिली गोष्ट, सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया. स्टेपल मारलेल्या पुठ्ठ्याच्या होल्डरवर पेनाने 'एक्सएफ (म्हणजे अगदी कमी झिजलेलं), दुर्मिळ' लिहिलंय. भिंगातून शेवटचा ९ बाकीच्या आकड्यांच्या मानाने लहान डोक्याचा दिसतो आणि त्याच्या खालच्या डाव्या अंगाला नाण्याची जमीन (आकड्यांभोवतीचा सपाट भाग) जरा जास्त चमकते.

दुसरी, तीन शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी), 'मूळ हिरवी पॅटिना', म्हणजे काळाने आपोआप चढलेला थर, असं सांगून दिलेल्या. एकीचा हिरवा रंग ओल्या बोटाला लागतो. दुसरीवर 'छत्रपति' ही अक्षरं अगदी काल कोरल्यासारखी आहेत, मागची 'श्री राजा शिव' मात्र निम्मी झिजलेली.

तिसरी, पाचव्या जॉर्जची १९१७ ची एक रुपयाची नोट, 'यूएनसी (म्हणजे न वापरलेली), एकही घडी नाही' म्हणून. हातात घेतली तर कागद पिठासारखा मऊ लागतो.

चौथा अल्बम. त्याची पानं चिकट आहेत, झाकण उघडलं की नव्या रेक्झिनसारखा वास येतो.

बिल दिलंय, पण त्यावर फक्त 'नाणी व नोट, ५ नग, अल्बम १' आणि एकूण रक्कम. खाली छापलंय 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. पैसे यूपीआयने दिले. फोन केला तर उत्तर आलं, 'तुम्ही बघून घेतलंत, प्रदर्शनातला माल कोणी परत घेत नसतं.' मी गप्प बसावं का?

तोळामासा

गप्प मुळीच बसू नका. फक्त आधी एक करा: यातलं काहीही धुऊ, पुसू, घासू नका आणि होल्डरमधून काढायचं असेल तर आधी होल्डरसकट दोन्ही बाजूंचे फोटो काढा. नाणं स्वच्छ केलंत की 'हे मी दिलंच नव्हतं' म्हणायला समोरचा मोकळा.

मी फक्त रुपयाबद्दल लिहितो. बनावट नाण्याच्या दोन जाती असतात आणि दोघींची तपासणी वेगळी. एक म्हणजे अख्खं नाणंच खोटं: साच्यात ओतलेलं किंवा नव्या ठशाने पाडलेलं. दुसरी म्हणजे नाणं खरं, पण त्यावरचं साल बदललेलं. १९३९ च्या रुपयात दुसरी जात फार चालते, कारण १९३८ चा रुपया सहज मिळतो आणि १९३९ चा मिळत नाही. ८ चा ९ करायला नवीन धातू चढवावा लागत नाही. आठच्या खालच्या वाटोळ्याची डावी बाजू खरवडली की काम झालं. तुम्ही जे लिहिलंय, डोकं लहान आणि खालच्या डाव्या अंगाला चमक, ते नेमकं याच्याशी जुळतं. आठचं वरचं वाटोळं नऊच्या डोक्यापेक्षा लहान असतं, ते मोठं करता येत नाही.

बघायचं असं. दहापटीचं भिंग, खोली अंधारी आणि एक छोटा टॉर्च. प्रकाश वरून टाकू नका, टेबलाला जवळजवळ समांतर, अगदी आडवा टाका आणि नाणं सावकाश फिरवा. ठशाने पाडलेल्या नाण्याची जमीन मध्यापासून कडेकडे एकसारखी वाहते. खरवडलेल्या जागी तो प्रवाह तुटतो, तिथे बारीक समांतर ओरखडे किंवा उथळ खळगी दिसते. मग ९ चा क्लोज-अप घ्या आणि नामांकित लिलावांच्या कॅटलॉगमधल्या १९३९ च्या रुपयाच्या मोठ्या फोटोशी ताडून बघा. डोक्याचा आकार, शेपटीचा बाक आणि आधीच्या ३ पासूनचं अंतर, एवढ्या तीन गोष्टी पुरतात.

९ दुसऱ्या नाण्यावरून कापून चिकटवलेला असेल तर आकड्याच्या बुडाशी भोवताली केसासारखी रेघ दिसते. ही रीत कमी आढळते.

आता वजन. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून वजन तेच राहिलं, चांदी ५० टक्क्यांवर आली. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा बाजारात स्वस्तात मिळतो. वापरलेलं नाणं झिजून ११.४-११.५ भरलं तर घाबरू नका. वजनापेक्षा घनता जास्त बोलते, कारण झिजेने ती बदलत नाही. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवा, काटा शून्य करा. नाणं बारीक शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा. ते तळाला किंवा काचेला टेकता कामा नये, आणि अंगावर हवेचे बुडबुडे नकोत. काटा जो आकडा दाखवेल तो बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले हा आकडा, म्हणजे घनता. ११.६६ ग्रॅमच्या ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला काटा साधारण १.१३ दाखवतो (घनता १०.३), ५० टक्केवाल्याला १.२२ च्या आसपास (९.५), आणि जर्मन सिल्व्हरचं (तांबं, निकेल, जस्ताचं मिश्रण, त्यात चांदी नसते) नाणं त्याच वजनाचं असेल तर १.३४ च्या आसपास (८.७).

पण नीट लक्षात घ्या: तुमचा रुपया १९३८ चा खरवडलेला असेल तर तो या परीक्षेत पास होणार, कारण चांदी खरीच आहे. डीलरने तुमच्यासमोर वजन करून दाखवलं असेल तर ते खरंच होतं, फक्त जो प्रश्न विचारायचा होता त्याचं ते उत्तर नव्हतं.

भिंगरी_७०

सोपी रीत राहिली. नाणं फरशीवर टाकायचं, खणखणीत वाजलं तर चांदी, बद्द वाजलं तर खोटं. आमच्याकडे सराफ हेच करत. आणि लोहचुंबक लावायचा.

तोळामासा

@भिंगरी_७० काका, फरशीवर टाकू नका, कड दबली की एक्सएफ नाण्याची किंमत तिथेच उतरते. शिवाय आतून बारीक तडा असलेलं अस्सल नाणंही बद्द वाजतं. फार तर बोटाच्या टोकावर तोलून लाकडी पेन्सिलीने हलकं टिचकवा, आणि तेही आपल्या मालकीच्या नाण्यावर.

लोहचुंबकाने फक्त लोखंडी गाभ्याचा माल पकडला जातो. उलट गोंधळही होतो. १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटतोच. स्वातंत्र्यानंतरचा सुरुवातीचा, १९५० चा रुपयाही निकेलचा. ही नाणी चिकटली म्हणून खोटी नाहीत, न चिकटली तर मात्र शंका घ्या.

सालाच्या बाबतीत अजून एक उदाहरण देतो, ज्यांना पुढच्या प्रदर्शनात जायचंय त्यांच्यासाठी. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेऊन बरीचशी वितळवली आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असं चित्र काढलं. म्हणजे १९११ म्हणून विकायला ठेवलेल्या रुपयावर साल बघू नका, हत्ती बघा. सोंड स्वच्छ आणि साल १९११ असेल तर ते बदललेलं आहे. म्हणून अशा खोट्या नाण्यांवर झग्याचा भाग मुद्दाम घासलेला असतो. नेमका हत्ती पुसट आणि बाकी चेहरा ठसठशीत असेल तर हात लावू नका.

दुदांडी

शिवरायांबद्दल मी लिहिते.

साध्या शिवराया भरपूर मिळतात, त्यामुळे त्या अख्ख्या खोट्या पाडण्यात कुणाला फारसं सुटत नाही. फसवणूक होते ती 'दर्जा' वाढवण्यात. झिजलेली शिवराई घ्यायची, बारीक छिन्नीने अक्षरांभोवतीची जमीन खोल करायची, अक्षरं वर आल्यासारखी दिसतात. तुमची दुसरी शिवराई मला तशी वाटते. खात्री करायची तर अक्षरांच्या भिंती बघा: ठशाची अक्षरं माथ्याला गोलसर आणि बुडाशी पसरट असतात, कोरलेल्यांच्या भिंती उभ्या आणि कडा धारदार. मग अक्षरांशेजारचे कडेचे टिंब बघा. नाणं हातोहात फिरून झिजतं तेव्हा उंच भाग सगळेच झिजतात. टिंब सपाट आणि अक्षरं तेवढी तरतरीत, असं वापराने होत नाही. एक बाजू झिजलेली आणि दुसरी चांगली, एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. वरचा ठसा आणि खालचा ठसा यांची अवस्था वेगळी असू शकते, ठोका तिरका पडला तरी तसं होतं.

ट्रेमध्ये बघताना एक सवय लावून घ्या. शिवराईचा ठसा बहुधा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे पूर्ण मजकूर आणि टिंबांची पूर्ण माळ एका नाण्यावर क्वचितच बसते. एकाच ट्रेमध्ये चार नाणी पूर्ण मजकुराची आणि बरोब्बर मध्यावर दिसली तर थांबा. दोन नाण्यांवर मजकूर सारखाच एका बाजूला सरकलेला, आणि खोकही एकाच जागी असेल तर मग बोलायलाच नको, दोन्ही एका साच्यातली आहेत. ठसा एक असू शकतो, खोक एक असू शकत नाही.

वजनावर शिवराईचा निकाल लागत नाही. जुन्या साधारण ११ ते १३ ग्रॅम, नंतरच्या दुदांडी (दोन आडव्या रेघांच्या) त्याहून हलक्या, आणि हाताने पाडलेल्या असल्याने फरक मोठा.

आता तुमचा हिरवा रंग. दोन शक्यता आहेत. एक, वरून लावलेला रंग. कापसाच्या काडीवर शुद्ध ॲसिटोन घेऊन कडेच्या जागी हलकं टेकवलं तर तो सलग थरासारखा निघतो आणि खाली ताजं नारिंगी तांबं दिसतं. (नखांच्या रंगाचं रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि वास मिसळलेले असतात.) दुसरी शक्यता जास्त वाईट. फिकट, पोपटी, भुकटीसारखा हिरवा असेल तर तो तांब्याचा क्लोराइडचा रोग आहे. त्याखाली खड्डा असतो, आणि पुसून टाकला तरी दमट हवेत पुन्हा उगवतो. ती शिवराई आजच बाकीच्यांपासून वेगळी करा, सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डबीत ठेवा. खरी पॅटिना गुळगुळीत, घट्ट, नखाने न निघणारी असते, आणि तिचा रंग हिरवाच असतो असंही नाही. आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या शिवराया तपकिरी-काळ्या आहेत.

ॲसिटोनची परीक्षाही सध्या करू नका. वाद मिटेपर्यंत नाणं जसं आहे तसं राहू दे.

कागदी_होडी

१९१७ ची नोट. ही नोट २५ नोटांच्या पुस्तिकेत यायची आणि पुस्तिकेतून छिद्रांच्या ओळीवर फाडून द्यायची. म्हणून डावी कड बारीक दातेरी असायला हवी. चारही कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ असतील तर नोट छाटलेली आहे, कडेचा जीर्ण भाग काढून टाकायला. छाटलेली नोट यूएनसी नसते, मग घडी असो वा नसो.

मऊ कागद म्हणजे बहुतेक धुऊन इस्त्री किंवा दाब दिलेला. न वापरलेल्या नोटेचा कागद कडक असतो, हलवली की आवाज करते. धुतलीय का हे बघायला बल्बसमोर धरा: इस्त्रीने घडी सपाट होते, पण तंतू मोडलेले असतात, त्यामुळे प्रकाशात घडीची रेघ फिकट दिसतेच. मग पैसे तपासायचा अतिनील दिवा लावा. जुना कागद मंद, मातकट दिसायला हवा. निळसर-पांढरा उजळला तर कपड्याच्या साबणातली चमक त्यात शिरलेली आहे. कोपरे आणि टाचणीची भोकंही बघा, बुजवलेलं भोक प्रकाशात गडद ठिपक्यासारखं दिसतं.

अल्बमचं निदान तुमच्या नाकाने केलंच आहे. तो पीव्हीसी. त्यातला मऊपणासाठी घातलेला पदार्थ बाहेर झिरपतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात लवकरच, आणि तांब्यावर, चांदीवर हिरवट चिकट थर बसतो. नाणी आत ठेवली असतील तर आजच काढा. पीईटी किंवा मायलरचे खिसे वापरा, विकणाऱ्याला साहित्याचं नाव विचारा. 'चांगलं प्लास्टिक आहे' हे उत्तर नव्हे. पुठ्ठ्याच्या होल्डरच्या स्टेपल पिनाही पावसाळ्यात गंजतात, चपट्या करून घ्या आणि होल्डर वर्षातून एकदा बघत जा.

टेबलामागचा

मी विकणाऱ्या बाजूचा आहे, म्हणून थोडं मोकळेपणाने लिहितो. या डीलरचं वागणं चूक आहे, त्यावर पांघरूण घालत नाही. पण 'प्रदर्शनातला माल परत नाही' हे वाक्य का रूढ झालं ते समजून घ्या, म्हणजे त्यावरचा उपाय सापडेल. प्रदर्शनात गर्दी असते, बिलावर वर्णन नसतं, आणि गिऱ्हाईक आठवड्याने नाणं आणतं तेव्हा ते तेच नाणं आहे याचा पुरावा दोघांकडेही नसतो. चांगलं नाणं ठेवून घेऊन हलकं परत करणारेही असतात. म्हणून विकणारा दारच लावून घेतो, आणि त्याच बंद दाराआड खोटा माल खपवणाराही सुरक्षित राहतो.

उपाय बिलात आहे. टेबलावर उभं असतानाच हे लिहून घ्या: राजा, मूल्य, साल, टांकसाळ, वजन दोन दशांशांपर्यंत, दर्जा, आणि पुढे एक ओळ, 'अस्सल असल्याची हमी, बनावट किंवा फेरफार केलेले ठरल्यास पूर्ण रक्कम परत'. प्रत्येक नाणं वेगळ्या ओळीत, वेगळ्या किमतीसह. '५ नग' लिहून घेऊ नका, मग एकाचीच परतफेड मागताना किंमत कुठली धरायची यावरच वाद होतो. बिलाशेजारी नाणं ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो विक्रेत्यासमोर काढा आणि तिथेच त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. होल्डरच्या पिनांवर सही केलेली चिकटपट्टी लावायला सांगा. प्रामाणिक डीलर याला हरकत घेत नाही, उलट त्याचाही बचाव होतो. जो म्हणतो 'एवढा विश्वास नाही तर घेऊ नका', त्याच्याकडून घेऊ नका.

बिलावरचं नाव, जीएसटी क्रमांक आणि यूपीआयवर दिसणारं नाव एकच आहे का ते पैसे देण्याआधी बघा. यूपीआयच्या टिपेच्या रकान्यात 'रुपया १९३९, ११.५८ ग्रॅम' असं लिहा. यूपीआयची नोंद पैसे दिल्याचा पुरावा आहे, काय घेतलं याचा नाही. ही टीप ती उणीव थोडी भरून काढते.

हॉलमधल्या उजेडाबद्दलही सांगतो. टेबलावरचे पिवळे दिवे घासलेल्या नाण्यावरचे केसासारखे ओरखडे लपवतात आणि चांदी उबदार दाखवतात. आपला पांढरा टॉर्च न्या. नाणं होल्डरमधून काढून दाखवायला सांगा, कड बघायला मिळालीच पाहिजे. ओतलेल्या नाण्याची शिवण कडेलाच असते, आणि पुठ्ठ्याचा होल्डर नेमकी तीच झाकतो. दर्जा ठरवणाऱ्या परदेशी कंपनीच्या सीलबंद डबीतलं नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी जुळवा. नुसता क्रमांक सापडला म्हणून थांबू नका, खोट्या डब्यांवर खऱ्या नाण्यांचे क्रमांक छापलेले असतात.

आणि नवख्यांसाठी: ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने १८१८ साल घातलेली रामदरबार, हनुमान, लक्ष्मी अशी 'नाणी' टेबलावर दिसली तर ती कंपनीने कधीच पाडलेली नाहीत. आठवण म्हणून, पितळेच्या भावात घ्यायची तर घ्या. ती 'दुर्मिळ नाणी' म्हणून विकणाऱ्याच्या टेबलावरची बाकीची नाणीही सोडून द्या.

कलम_दवात

कायद्याचं बघू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. बिल न देणं त्यात आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हेही त्यात आहे. वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं सांगणंही त्यातच. त्यामुळे 'माल परत घेतला जाणार नाही' या छापील ओळीने तुमचा हक्क संपत नाही. तुम्हाला मन बदललं म्हणून परत करायचं असतं तर ती ओळ चालली असती. इथे वस्तू सांगितलेलीच नाही.

म्हणून ३० दिवसांच्या आत लेखी मागणी करा, फोनवर भांडण्यात ते दिवस घालवू नका. पत्र एक पानाचं: बिल क्रमांक, तारीख, स्टॉल क्रमांक, प्रत्येक वस्तू काय म्हणून विकली आणि काय निघाली, किती रक्कम परत हवी, १५ दिवसांची मुदत. स्पीड पोस्टने पाठवा, तेच ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही. प्रत आयोजकांना द्या. आयोजक कायद्याने पैसे परत द्यायला बांधील असतीलच असं नाही, पण पुढच्या वेळी टेबल द्यायचं की नाही हे त्यांच्या हातात असतं, आणि डीलरला त्याची किंमत कळते. पत्रात 'चोर', 'फसवा' असले शब्द नकोत. 'वर्णनाशी जुळत नाही' एवढं पुरतं.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे समेटाचा प्रयत्न होतो. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, तक्रार ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. बाहेरगावच्या डीलरमुळे अडलेल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. डीलर कोलकात्याचा असला तरी प्रकरण पुण्यात चालेल. वकील लागतोच असं नाही.

दोन गोष्टींवर प्रकरण अडकतं. एक, तुम्ही नाणी पुन्हा विकण्यासाठी घेत असाल तर तुम्ही या कायद्यापुरते ग्राहक नाही. दोन, 'बनावट आहे' हे म्हणणं तुमचं एकट्याचं चालत नाही, जाणकाराचं लेखी मत जोडा. मत देणारा तुम्हाला नाणी विकणारा दुसरा डीलर नसावा.

जाता जाता, जुनी नोट-नाणी लाखोंना विकत घेतो, आधी कमिशन भरा, असे फोन अशा धाग्यांनंतर यायला लागतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय की ती असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला तिच्या नावाने शुल्क घ्यायचा अधिकार दिलेला नाही.

कसबेकर_ना

सगळ्यांचे मनापासून आभार. काही न धुता, फोटो काढून मोजमाप केलं.

रुपया: कोरडा ११.५७, पाण्यातला आकडा १.१२. आडव्या प्रकाशात ९ च्या खालच्या डाव्या बाजूला उथळ खळगी आणि तीन-चार समांतर ओरखडे स्पष्ट दिसतात. नोट: डावी कड दातेरी आहे, पण अतिनील दिव्यात निळी उजळते आणि बल्बसमोर मधोमध उभी रेघ दिसते. शिवराईच्या अक्षरांच्या भिंती उभ्या आहेत. तिसऱ्या शिवराईत मात्र काही वावगं दिसत नाही.

प्रश्न: मत कुणाकडून घ्यावं? आणि तिसरी शिवराई ठेवून घेतली तर चालेल का?

तोळामासा

११.५७ भागिले १.१२ म्हणजे १०.३३. चांदी बरोबर, साल खोटं. म्हणजे १९३८ चाच. पत्रात 'बनावट नाणे' लिहू नका, 'सालात फेरफार केलेले नाणे' लिहा. नाहीतर डीलर चांदी तपासून आणेल आणि तुम्हालाच खोटं पाडेल.

मतासाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची. आधी पत्र किंवा ईमेल करून लेखी मत देतात का ते विचारा, नाणं थेट घेऊन जाऊ नका. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. तिथे मत मिळणार नाही, पण खरी नाणी डोळ्याखालून घालायला आवर्जून जा.

कलम_दवात

तिसरी शिवराई ठेवा, पण पत्रात तसं लिहा: 'एक शिवराई वर्णनाप्रमाणे असून ती परत करत नाही.' बिलात वेगळी किंमत नाही, म्हणून तीन शिवरायांची मिळून काय किंमत ठरली होती ते डीलरबरोबरच्या चॅटमध्ये कुठे आहे का शोधा. नसेल तर तुम्हाला वाटते ती किंमत धरून बाकी रक्कम मागा आणि ती कशी काढली ते एका ओळीत सांगा. वस्तू परत पाठवताना विमा काढून पाठवा, पाकीट बंद करतानाचा सलग व्हिडिओ घ्या. आणि पैसे जमा होण्याआधी किंवा डीलरने लेखी कबुली देण्याआधी काहीही हातातून सोडू नका.

दुदांडी

बोटाला हिरवा रंग लागणारी शिवराई (तो रोगही असू शकतो) पाठवताना कापसात गुंडाळू नका, कापूस ओल धरतो. कोरड्या पीईटीच्या खिशात, सोबत सिलिका जेल. पत्रात तिचा आजचा फोटो जोडा, वाटेत रोग वाढला तर तो तुमच्याकडे झाला असं म्हणायला जागा राहायला नको.